विचारा, सांगतो : कॅन्टीनमधले हात

प्रश्न : आमच्या वाढपी काकांना परवा उलट्या-जुलाब झाले. काल दुपारपासून सगळं थांबलंय, म्हणून आज कामावर यायचं म्हणतात. हातमोजे आणि सॅनिटायझर दिलं तर चालेल?

उत्तर : नाही चालणार. शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून पुरे ४८ तास जाऊ द्या. म्हणजे उद्या दुपारनंतर. अशा दुखण्यामागे पुष्कळदा नोरोव्हायरस असतो. माणसाला बरं वाटलं तरी तो पुढे कित्येक दिवस शौचातून पडत राहतो आणि दुसऱ्याला आजारी पाडायला त्याचे मोजके कण पुरतात. त्याला चरबीचं आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोलच्या सॅनिटायझरचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. तो साबण लावून, चोळून, वाहत्या पाण्याखाली धुऊनच काढावा लागतो. निदान २० सेकंद चोळा. तळवे सगळेच घासतात. राहून जातात ते अंगठे, बोटांची टोकं आणि नखांच्या खाचा. मग कागदी रुमालाने पुसा आणि त्याच कागदाने नळ बंद करा. धुतलेले हात ॲप्रनला पुसले की केलेलं सगळं पाण्यात!

हातमोज्यांचं म्हणाल, तर न धुतलेल्या हातांनी चढवताना ते बाहेरूनही माखतात. त्याच मोज्यांनी फोन, पैसे, कचऱ्याचं झाकण हाताळलं तर उघडा हात आणि मोजा यांत फरक काय राहिला? टायफॉइड किंवा संसर्गाची कावीळ असेल तर ४८ तासांचा हिशेब लागू नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच कामावर घ्या.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो. काकांना यायची एवढी घाई का आहे, ते बघा. खाडा केला की रोज बुडणार असेल, तर पुढच्या वेळी पोट बिघडल्याचं ते सांगणारच नाहीत. आजारपणाची रजा पगारी करा. नियमाचा फलक त्यानंतर लावा.

प्रश्न : बोट कापलं तरी भाजी चिरायला बसलो. शेवटी सगळं शिजतंच ना?

उत्तर : जखमेत आणि नाकातही स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू असू शकतो. तो अन्नात उतरला आणि ते अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान तासन्‌तास राहिलं, तर त्यात विष तयार होतं. उकळल्यावर जंतू मरतो, विष तसंच उरतं. खाल्ल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. जखम धुऊन कोरडी करा, पाणी न शिरणारी पट्टी लावा, वर हातमोजा घाला. पट्टी निळी घ्या. सुटून पडली तरी अन्नात चटकन दिसते. पू झाला असेल तर जखम बरी होईपर्यंत अन्नाचं काम नको.

प्रश्न : भांडी घासणाऱ्या बाईंच्या हातांना भेगा पडल्यात.

उत्तर : दिवसभर ओले राहिलेल्या हातांचं तेल निघून जातं. भेगांमध्ये जंतू ठाण मांडतात. शिवाय साबण झोंबतो म्हणून हात धुणंच टाळलं जातं. आत सुती मोजे, वर कोपरापर्यंतचे रबरी मोजे द्या, सुती रोज बदला. काम संपलं की बिनवासाचं क्रीम. ब्लीच अंदाजे ओतू नका : ५ टक्क्यांचं असेल तर १ लिटर पाण्याला २ मिलिलिटर म्हणजे १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), आणि तेही भांडी आधी घासून विसळल्यावर. त्यात आम्लाचं क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.