स्प्रे पेंट न वापरता एवढी मोठी भित्तिचित्रं? पोर्तो रिकोचा अलेक्सिस दियास हे कसं करतो?

बारीक कुंचल्याने. खरंच, मोठ्या भिंतीवरही तो छोटासा कुंचला आणि काळी शाई घेऊन हजारो तुटक रेघा ओढत बसतो. जुन्या पुस्तकांत लाकडी ठोकळ्यावर कोरून छापलेली चित्रं आठवा. उजेड-सावली तिथे रेघांच्या दाटीतून यायची, तसंच इथेही. रेघांखाली रंगाच्या हलक्या छटा असतात, त्यामुळे प्राणी भिंतीतून पुढे आल्यासारखा वाटतो. साहजिकच एका भिंतीला कित्येक दिवस लागतात.

त्याची सुरुवात पोर्तो रिकोतच झाली. हुआन फर्नांडेससोबत त्याने 'ला पांदिया' ही जोडी जमवली आणि दोघं मिळून भिंती रंगवू लागले. सान हुआन शहरातला सांतुर्से हा भाग आज भित्तिचित्रांसाठी ओळखला जातो. पुढे दियास एकट्याने काम करू लागला आणि देशोदेशी बोलावणी आली.

त्याचे विषय म्हणजे एकमेकांत मिसळलेले प्राणी. लंडनच्या ब्रिक लेन परिसरात त्याने रंगवलेला हत्ती बघाच: सोंडेच्या जागी ऑक्टोपसचे वळवळते हात! असा प्राणी कुठेच नाही, पण कातडीची प्रत्येक सुरकुती इतकी खरी की मन तो मान्य करून टाकतं. मला त्याचं हेच काम सगळ्यात जास्त आवडतं.

फोटो बघताना आधी पूर्ण भिंत बघा, मग झूम करून फक्त डोळ्याभोवतीच्या रेघा बघा.