सहा-सात वर्षं गोठ्यात उभा असलेला जुना डिझेल ट्रॅक्टर पुन्हा कसा चालू करावा?

घाईने सेल्फ मारू नका, एवढं आधी ऐका. अडकलेल्या इंजिनाला जोर लावला तर पिस्टनच्या रिंगा तुटतात.

डिपस्टिक काढून बघा. ऑइल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, मग मिस्त्रीलाच बोलवा. ठीक असेल तर नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू पुढेमागे हलवा. इंजिन फिरलं की निम्मं काम झालं!

जुनं डिझेल पूर्ण काढा, टाकी धुवा, फिल्टर नवे घाला. एअर क्लीनर उघडाच, उंदरांचं घरटं हमखास सापडतं. मग हवा काढायची: फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारा, बुडबुडे थांबेपर्यंत. नंतर डिझेल पंपाकडची (नोझलला डिझेल पाठवणाऱ्या पंपाची) हवा तशीच काढा.

स्टार्ट करण्यापूर्वी इंजिन बंद करायची स्टॉपची केबल मोकळी आहे ना, हे नक्की तपासा. डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) अडकलेला असेल तर इंजिन बेफाम पळतं. तसं झालं तर इंजिनाचं हवा ओढायचं तोंड झाकून ते बंद करायला सपाट फळी हाताशी ठेवा, हात लावू नका. गिअर न्यूट्रलला हवा. क्लचप्लेट चिकटलेली असू शकते, मग क्लच दाबूनही ट्रॅक्टर पुढे सरकतो. चालू झाल्यावर ऑइल प्रेशर दिसलं नाही तर लगेच बंद करा.