ग्रहणकारी जोडताऱ्याचा प्रकाशवक्र मिळत असताना वर्णपट कशासाठी घ्यायचा?

आपण विचारले आहे की, ग्रहणकारी जोडताऱ्याचा (फिरताना एकमेकांना झाकणाऱ्या दोन ताऱ्यांचा) प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या तेजाचा आलेख, साध्या दुर्बिणीने आणि कॅमेऱ्याने काढता येतो, तर वर्णपटाचा, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून नोंदवण्याचा, खटाटोप कशासाठी, आणि पुण्यात राहून तो जमेल का. मी पुण्यातूनच हौसेने ताऱ्यांचे वर्णपट घेतो, म्हणून दोन्ही गोष्टींविषयी लिहितो.

प्रकाशवक्रातून मिळते ते मोलाचे असले तरी ती बहुतेक गुणोत्तरेच असतात. ग्रहण किती वेळ चालले आणि तेज किती उतरले यावरून कक्षेचा कल (ती आपल्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे ते) कळतो आणि प्रत्येक ताऱ्याची त्रिज्या त्या दोघांमधील अंतराचा कितवा हिस्सा आहे हेही कळते; पण ते अंतर किती किलोमीटर, हे प्रकाशवक्र सांगू शकत नाही. तो आकडा वर्णपट देतो. तारा आपल्याकडे येताना त्याच्या वर्णरेषा, म्हणजे वर्णपटातील बारीक काळ्या रेषा, निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या बाजूला, आणि त्या सरकण्यावरून वेग थेट सेकंदाला इतके किलोमीटर असा मिळतो. दोघांचे वेग मिळाले की वस्तुमानांचे गुणोत्तर हाती येते, कारण जड तारा सावकाश फिरतो आणि हलका वेगाने. नुसत्या वर्णपटावर भिस्त ठेवली तर कल अज्ञात राहतो आणि वस्तुमानाची केवळ किमान मर्यादा मिळते. ती उणीव ग्रहण भरून काढते.

सारथी तारकासमूहातील बीटा, म्हणजे मेन्कालिनान, हे याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण आहे. त्याच्या रेषा ठरावीक दिवसांनी दुहेरी होतात हे खगोलशास्त्रज्ञ अँटोनिया मॉरी यांना १८८९ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या छायाचित्रपट्ट्यांवर दिसले. त्याला ग्रहणेही लागतात हे जोएल स्टेबिन्स यांनी सुमारे वीस वर्षांनंतर शोधले, कारण ग्रहणात त्याचे तेज जेमतेम एक दशांश प्रतीने (प्रत हे ताऱ्याचे तेज मोजण्याचे एकक) उतरते. दोन्ही तारे साधारण ११० किलोमीटर प्रतिसेकंद वेगाने फिरतात, त्यामुळे ६३४७ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) सिलिकॉनची रेषा जास्तीत जास्त फुटते तेव्हा तिच्या दोन फाट्यांत सुमारे ४.७ अँगस्ट्रॉमचे अंतर पडते. या वेगांना ३.९६ दिवसांच्या आवर्तकाळाची (एका फेरीला लागणाऱ्या वेळाची) आणि कक्षेच्या कलाची जोड दिली की ताऱ्यांमधील अंतर सुमारे १ कोटी २० लाख किलोमीटर आणि वस्तुमाने सूर्याच्या अंदाजे २.४ व २.३ पट निघतात.

सगळे जोडतारे इतके सरळ नसतात. ययाती तारकासमूहातील अल्गोल ही जोडी असल्याचे खगोलशास्त्रज्ञ फोगेल यांनी १८८९ मध्ये वर्णपटावरून सिद्ध केले, पण तेजस्वी ताऱ्याच्या झगमगाटात जोडीदाराच्या रेषा दिसेनात. सोडियमच्या रेषांत त्या थेट सापडायला १९७८ उजाडले. शिवाय अल्गोल त्रिकूट आहे. जोडीच्या गुरुत्वमध्याचा (दोन्ही तारे ज्या बिंदूभोवती फिरतात त्याचा) वेग स्वतःच १.८६ वर्षांच्या आवर्तनाने बदलतो आणि तिसऱ्या ताऱ्याचे अस्तित्व त्यावरून उघड होते. तिसऱ्याचा प्रकाश मिसळला की ग्रहण उथळ भासते, आणि ते लक्षात न घेता प्रकाशवक्र सोडवला तर कल चुकतो, त्रिज्याही चुकतात. जलद सरकणाऱ्या दोन रेषांच्या मध्ये जवळजवळ स्थिर राहिलेली तिसरी रेषा दिसली की हा धोका वेळीच कळतो, आणि तिच्या खोलीवरून वजा करायच्या प्रकाशाचा अंदाजही करता येतो. बहुतारा प्रणालींत वर्णपटाला पर्याय नाही असे मी म्हणतो ते यासाठीच.

आता पुण्याविषयी. आयुका या पुण्यातील खगोलशास्त्र संस्थेच्या गिरवली येथील २ मीटर दुर्बिणीसारखे साधन आपल्याजवळ नसले तरी हे काम गच्चीवरून होते. शहराचा उजेड आणि विरळ धुरकट थर एक दशांश प्रतीच्या ग्रहणाचे मोजमाप बिघडवतात, पण त्यांनी रेषेची जागा हलत नाही. मात्र कॅमेऱ्यापुढे बसवायच्या, मिलीमीटरला १०० रेषांच्या ग्रेटिंगवर (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या, बारीक रेषा आखलेल्या पट्टीवर) पैसे घालवून असे वेग मोजण्याची अपेक्षा ठेवू नका. तिच्या वर्णपटात हजारो किलोमीटर प्रतिसेकंदाहून लहान फरक उमटत नाही. फट असलेला, विभेदनक्षमता (जवळजवळच्या तरंगलांबी वेगळ्या दाखवण्याची क्षमता) १०,००० च्या आसपास असलेला वर्णपटलेखक लागतो, आणि प्रत्येक निरीक्षणाच्या आधी व नंतर ज्याच्या रेषांच्या जागा आधीच ठाऊक असतात अशा निऑन दिव्याचा वर्णपट तुलनेसाठी घ्यावाच लागतो, कारण थंडीत तापमान उतरले की उपकरण आकसते आणि रेषा ताऱ्यामुळे नव्हे तर त्या आकसण्याने सरकतात.

सुरुवात मेन्कालिनानपासूनच करा. जानेवारी-फेब्रुवारीत तो रात्री उत्तरेकडे ६० अंशांहून उंच येतो. त्याचा आवर्तकाळ चार दिवसांना इतका जवळचा आहे की सलग चार रात्री ठरावीक वेळी पाहिल्यास कक्षेतील चार वेगळ्या स्थिती मिळतात, आणि पाचव्या रात्री पहिलीच स्थिती जेमतेम तासाभराच्या फरकाने पुन्हा समोर येते. मधल्या जागा भरायला सुमारे शंभर दिवस लागतात, म्हणून नोव्हेंबरपासूनच नोंदी सुरू कराव्यात. दोन फाट्यांमधील अंतरावर पृथ्वीच्या गतीचा परिणाम होत नाही, पण त्यांच्या सरासरी वेगावर होतो: डिसेंबरच्या उत्तरार्धापर्यंत पृथ्वी त्या ताऱ्याकडे जात असते, नंतर त्याच्यापासून दूर, आणि हा फरक दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त २८ किलोमीटर प्रतिसेकंदापर्यंत जातो. तो वजा केल्याशिवाय गुरुत्वमध्याच्या वेगाबद्दल, म्हणजेच तिसऱ्या ताऱ्याबद्दल, कोणताही निष्कर्ष काढू नये.