डिसेंबरात मेलबर्न ते ॲडलेड: दहा रात्री, पाच माणसं आणि एक भाड्याची गाडी. कसं आखावं?

तुमचा बेत असा दिसतो: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मेलबर्नला उतरायचं, किनाऱ्यालगतच्या ग्रेट ओशन रोडने ॲडलेड गाठायचं, तिथूनच परतीचं विमान. सोबत सत्तरीचे आईवडील आणि पाच वर्षांची मुलगी. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. गाडी पहिल्या दिवसापासून घ्यावी का, आणि ग्रेट ओशन रोड एका दिवसात होतो का? दोन्हींना माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

आधी गाडीचं बघू. मेलबर्नच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, त्या हद्दीत तिकिटाचं कार्डसुद्धा टेकवावं लागत नाही. उलट गाडीला पार्किंगचे पैसे रोज मोजावे लागतात. शिवाय काही चौकांत उजवीकडे वळायची रीत वेगळी आहे. ट्रामचा मार्ग मोकळा राहावा म्हणून डाव्या कडेने चौकात शिरायचं, पुढे जाऊन डावीकडेच थांबायचं आणि आडव्या रस्त्याला हिरवा दिवा मिळाला की मग वळायचं. पहिल्याच दिवशी, झोप अर्धवट झालेली असताना, हे कशाला अंगावर घ्यायचं? थांबलेल्या ट्रामचे दरवाजे उघडे असतील तर तिच्या बाजूने पुढेही जाता येत नाही.

म्हणून मेलबर्नला तीन रात्री गाडीशिवाय काढा. चौथ्या दिवशी सकाळी टॅक्सीने परत टलामरीन विमानतळावर जा आणि गाडी तिथून घ्या. विमानतळाचा अधिभार लागतो, पण तिथून एम ८० हा रिंगरोड धरला की शहरात न शिरता आणि टोल न भरता तुम्ही थेट जिलाँगच्या एम १ महामार्गावर लागता. शहरातले टोलरस्ते टाळलेलेच बरे. तिथे नाके नाहीत, कॅमेरा नंबर टिपतो, आणि भाड्याच्या गाडीवर टोलाशिवाय सेवाशुल्कही लागतं. नकाशात ‘टोल टाळा’ चालू करून ठेवा.

काउंटरवर लोक अडकतात ते कार्डावरून. अनामत रक्कम मुख्य चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि बायकोच्या नावाचं कार्ड, नवऱ्याचं लायसन्स असंही चालत नाही. लायसन्स मूळ हवं आणि त्यावरचा मजकूर इंग्रजीत हवा. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवानाही काढून न्या, म्हणजे वाद होत नाही. मुलगी सात वर्षांखालची आहे, तेव्हा तिला बूस्टर सीट कायद्याने सक्तीची आहे. ती गाडीबरोबरच नोंदवा. पाच माणसं आणि चार मोठ्या बॅगा साध्या एसयूव्हीत मावत नाहीत. सात आसनी घेऊन मागची रांग पाडून ठेवा. ॲडलेडला सोडायची गाडी असल्याने एकमार्गी शुल्क लागेल, ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या.

आता रस्ता. ग्रेट ओशन रोड टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत सुमारे २४३ किलोमीटर आहे. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी तो १९१९ ते १९३२ या काळात बांधला. मेलबर्नहून ट्वेल्व्ह अपोस्टल्स (समुद्रात उभे खडकाचे सुळके) बघून त्याच दिवशी परतणारे पाचशेच्या आसपास किलोमीटर धावतात आणि नेमके भर दुपारी, टूरच्या बसगाड्यांबरोबर, तिथे पोचतात. तुम्हाला परत यायचंच नाही, त्यामुळे ही घाई तुमच्या वाट्याला नाही. दिशाही तुमची बरोबर आहे. गाडी डावीकडून चालवायची असल्याने पश्चिमेला जाताना समुद्र तुमच्याच बाजूला राहतो, आणि कड्यावरच्या थांब्यांत शिरायला किंवा निघायला समोरची रांग ओलांडावी लागत नाही. ॲडलेडहून मेलबर्नला येणाऱ्यांना प्रत्येक थांब्याला तेच करावं लागतं.

पहिला मुक्काम अपोलो बेला करा. टॉर्की ते अपोलो बे जेमतेम नव्वद किलोमीटर. नकाशा दोन तास दाखवतो, तुम्ही पाच धरा. एअरीज इनलेटचं दीपगृह, ईस्टर्न व्ह्यूची लाकडी कमान, लॉर्नला जेवण, मग केनेट रिव्हरला झाडांवर कोआला शोधणं, यात दिवस छान जातो. लॉर्नच्या पुढे वळणं सलग आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी लॉर्नलाच घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली वेळेत कामाला येत नाही. मागे गाड्यांची रांग लागली तर जोर लावू नका. जागोजागी बाजूला घ्यायची जागा केलेली आहे, तिथे थांबून त्यांना जाऊ द्या.

दुसरा मुक्काम पोर्ट कॅम्पबेलला, आणि हा मात्र हलवू नका. अपोस्टल्स तिथून बारा किलोमीटरवर आहेत. डिसेंबरात सूर्य पावणेनऊच्या सुमाराला मावळतो, म्हणजे लवकर जेवून निवांत जाता येतं. पाहण्याच्या सज्ज्यापर्यंतची वाट जवळपास सपाट आहे, आईवडिलांना अवघड नाही. गिब्सन स्टेप्स मात्र ८६ पायऱ्या आहेत आणि उतरलेल्या सगळ्या परत चढायच्या असतात. गुडघ्यांची तक्रार असेल तर तिथे वरूनच बघावं. नावात बारा असले तरी सुळके आता आठच आहेत, एक २००५ च्या जुलैत कोसळला. लाट चुनखडकाच्या पायथ्याला खात राहते आणि वरचा भार एक दिवस खाली बसतो. म्हणूनच कुंपणाबाहेर पाऊल टाकू नका, कडा खालून पोखरलेला असतो आणि वरून ते कळत नाही. सकाळी लॉक आर्ड गॉर्ज ही घळ करा. १८७८ साली तिथे त्या नावाचं जहाज फुटलं, ५४ पैकी दोघेच वाचले. भर उन्हाळ्यातही इथला वारा बोचतो. सगळ्यांना एकेक विंडचीटर हवाच, आणि ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावा.

पुढचा दिवस मोठा आहे, माउंट गँबियरपर्यंत पावणेतीनशेच्या आसपास किलोमीटर. वाटेत वॉर्नम्बूलच्या पुढे टॉवर हिल लागतं. हे विझलेल्या ज्वालामुखीचं विवर. आत एकेरी रस्ता फिरतो आणि इमू गाडीजवळ येतात. याच दिवशी व्हिक्टोरिया राज्याची सीमा ओलांडून दक्षिण ऑस्ट्रेलियात शिराल, तिथे दोन गोष्टी होतात. घड्याळ अर्धा तास मागे जातं (भारताच्या साडेपाच तास पुढे असता, ते पाच तास होतात). दुसरं, फळमाशीमुळे दक्षिण ऑस्ट्रेलियात ताजी फळं आणि काही भाज्या नेता येत नाहीत. वॉर्नम्बूलला सुपरमार्केटमधून हौसेने घेतलेली केळी-सफरचंदं सीमेआधी संपवा किंवा कचरापेटीत टाका. विसरून राहिलेल्या एका फळालाही दंड होऊ शकतो, मागच्या सीटचा खिसासुद्धा तपासा.

अंधार पडायच्या तासभर आधी मुक्कामी पोचायचं, हा नियम सगळ्या दिवसांना लावा. कांगारू पहाटे आणि संध्याकाळी चरायला रस्त्यालगत येतो. तो कडेला उभा असतो, गाडी जवळ आली की पळतो, आणि कुठे पळेल याचा नेम नसतो. आडवा आलाच तर ब्रेक दाबा, स्टिअरिंग मात्र सरळ ठेवा. जनावर चुकवायला जाऊन झाडावर आदळलेल्यांची इजा जास्त गंभीर असते. शिवाय काही भाडेकरारांत रात्री शहराबाहेर जनावराशी झालेली टक्कर विम्यात धरत नाहीत. तो परिच्छेद सही करण्याआधी शोधून वाचा.

माउंट गँबियरचं ब्लू लेक तुम्हाला ऐन रंगात मिळेल. हिवाळ्यात राखाडी असलेलं हे पाणी नोव्हेंबर-डिसेंबरात तापलं की त्यात चुन्याचे बारीक कण तयार होतात आणि तळं गडद निळं होतं. गावाला पिण्याचं पाणीही तिथूनच येतं. नंतरची रात्र रोबला. समुद्राकाठचं शांत गाव आहे. व्हिक्टोरियाने चिनी खाणकामगारांवर दहा पौंडांचा कर लावला, तेव्हा हजारो जण इथे उतरून सोन्याच्या खाणींकडे चालत गेले. इथल्या वाळूवर गाड्या नेतात, तुम्ही नेऊ नका. भाड्याच्या गाडीला वाळूवर विमा नसतो.

रोब ते ॲडलेड ३३५ किलोमीटर. किंग्स्टनला टाकी भरून घ्या, पुढे कूराँग या खाऱ्या सरोवराच्या काठाने लांबवर वस्ती नाही आणि फोनची रेंजही जाते. नकाशे आधीच उतरवून ठेवा. पंपावर आधी स्वतः भरायचं, मग आत जाऊन पैसे द्यायचे. ॲडलेडला शिरण्याआधी, गाडी हातात आहे तोवर, हान्डॉर्फ गाव आणि क्लीलंडचं प्राणिउद्यान उरका. तिथे मुलीला कांगारूला हाताने खाऊ घालता येईल. मग गाडी विमानतळावर सोडून द्या. शहरात फुकट ट्राम आहेच.

जेवणाचं एक सांगतो. छोट्या गावांत स्वयंपाकघर आठला बंद होतं आणि शाकाहारी पदार्थ एखादाच असतो. म्हणून मुक्कामाला हॉटेलऐवजी हॉलिडे पार्कमधली केबिन घ्या, तिथे शेगडी आणि भांडी असतात. तांदूळ-डाळ मेलबर्नलाच विकत घ्या, भारतातून नको. पेढे, बर्फी, दुधाची कुठलीही मिठाई, बिया, कढीपत्ता विमानतळावर काढून घेतात. चिवडा-चकली न्यायची तर उतरताना भरायच्या प्रवासी कार्डावर लिहून दाखवा. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीचा दंड बसतो.

वडील क्रिकेटवाले असतील तर दोन्ही टोकांना एकेक मैदान आहे. २०२० साली ॲडलेडला ३६ धावांत गारद झालेला संघ घेऊन अजिंक्य रहाणे आठवड्याभरात मेलबर्नच्या एमसीजी मैदानावर उतरला, ११२ धावा केल्या आणि सामना जिंकला. सामना नसेल त्या दिवशी आत फिरवून आणतात, त्यासाठी मेलबर्नची एक सकाळ राखून ठेवा. राहण्याच्या जागा आताच पकडा. २० डिसेंबरच्या आसपास शाळांना सुट्टी लागते आणि किनाऱ्यावरचे लोक मग दोन रात्रींखाली खोली देत नाहीत. तुमचे रस्त्यावरचे चार मुक्काम त्याआधी पार पडतील अशीच विमानाची तारीख धरा.