मराठी शिकणाऱ्याने पहिलं पुस्तक कोणतं वाचावं?
ठाण्यात राहून मराठी बोलता येतं, पण वाचायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंय तुम्ही. सरळ ‘श्यामची आई’ घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. गोष्ट सांगावी तशी भाषा, आणि प्रकरणांऐवजी ४२ रात्री. रोज एक रात्र, बास. रडू येईल, ते वेगळं.

आमच्या मजल्यावरच्या तमिळ काकू लोकलमध्ये असंच वाचायच्या. ‘पत्रावळ’ शब्दाला अडल्या. मी म्हटलं, पानं काड्यांनी टाचून केलेलं ताट. “म्हणजे आमचं केळीचं पान, पण शिवलेलं!”

पु.ल. मात्र नंतर, कोट्या समजावून सांगितल्या की मजा जाते. पुस्तकासाठी ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहेच, १८९३ पासूनचं.