‘एक वाटी भात’ आणि ‘एका वाटीचा भात’

प्रश्न असा आहे: पाककृतीत ‘दोन वाट्या भात’ लिहिलंय, घरात वजनकाटा आहे, मग ग्रॅम किती धरायचे? आणि त्याच अर्थानं ‘दोन वाटीचा भात’ म्हटलं तर चालेल का?

दुसरं आधी घेतो, कारण खरा घोटाळा तिथेच होतो. त्याच अर्थानं नाही चालणार. ‘दोन वाट्या भात’ म्हणजे शिजलेला भात, वाटीनं दोनदा मापलेला. ‘दोन वाटीचा भात’ म्हणजे दोन वाट्या तांदूळ शिजवून जेवढा होईल तेवढा सगळा. एक ‘चा’ लागला की माप भातावरून उठून तांदळावर जाऊन बसतं. ‘दोन मीटरचा सदरा’ म्हणतो तेव्हा सदरा कुठे दोन मीटर लांब असतो? तेवढं कापड लागलेलं असतं. मी एकदा ‘चार वाट्या भात’ वाचून चार वाट्या तांदूळ धुतले होते. पातेल्यात भात झाला बारा वाट्या, आणि परतायला कढई एक!

शब्दाचाही थोडा दोष आहे. शेतात असतं ते भात, टरफलासकट झोडपून आणलेलं तेही भात, कांडून टरफल काढल्यावर तांदूळ आणि शिजल्यावर पुन्हा भात.

आता ग्रॅम. लांब दाण्याचा पांढरा तांदूळ घेतला, तर सुमारे २४० मिलिलिटरच्या कपात कच्चा १८५ ग्रॅमच्या आसपास मावतो, शिजलेला मात्र १५८. भात पाणी पिऊन जड झालेला, तरी कपात कमी भरतो, याचं नवल वाटेल. पण मोकळ्या, फुगलेल्या दाण्यांच्या मधे हवाच फार असते. आखूड दाण्याचा चिकट भात एकमेकांना धरून बसतो, म्हणून तोच कप १८६ ग्रॅमपर्यंत जातो. एका कपाचा भात साधारण तीन कप होतो. म्हणजे ‘एक कप भात’ दीडशेच्या घरात आणि ‘एका कपाचा भात’ पाचशेच्या.

वाटीला मात्र ठरलेलं माप नाही. तुमची वाटी पाण्यानं भरा आणि नुसत्या पाण्याचं वजन करा. मोकळा भात त्याच्या दोन तृतीयांश धरायचा. १५० ग्रॅम पाणी मावत असेल तर भात १०० ग्रॅम, की झालं. चिकट भाताला पाऊणपटीहून किंचित जास्त.

हे सगळं सपाट भरलेल्या वाटीचं, न दाबता. काठाच्या वर जो ढीग राहतो त्याला ‘शीग’ म्हणतात. उत्सुकता ‘शिगेला पोहोचते’ ती हीच. पाककृती लिहिणारे शीग धरतात की नाही हे सहसा सांगत नाहीत, आणि भाताची शीग चांगली दोन-तीन चमचे असते.

जाता जाता: ग्रॅम लिहायचे असतील तर ‘भात मापून घ्या’ म्हणू नये. मापायचं ते वाटीनं, तोलायचं ते काट्यावर. ‘तोलूनमापून’ या जोडशब्दात दोन्ही क्रिया शेजारी बसल्यात, पण त्या एक नव्हेत. ‘शेर’ मात्र मापाचाही होता आणि वजनाचाही, त्यामुळे जुन्या वहीत नुसतं ‘शेरभर’ दिसलं तर कोणता शेर ते आधी पाहा.