मुलांचं कर्ज त्यांच्याच हातून फिटू द्या

मुलीच्या क्रेडिट कार्डावर ३,००० डॉलर थकलेत. आपल्याकडे पैसे आहेत. मग भरून मोकळं का होऊ नये? परदेशातल्या मराठी घरांत हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि बरेच आईवडील बँकेचं ॲप उघडून तो दोन मिनिटांत मिटवतात. आमचं म्हणणं स्पष्ट आहे: भरू नका. निदान लगेच, गुपचूप आणि सगळे भरू नका. थकबाकी शून्य झाली तरी ती कशी साचली याचा हिशेब मुलीने केलेला नसतो. कार्ड तेच, खर्चही तोच, त्यामुळे रक्कम पुन्हा चढू लागते. विशी-पंचविशीत कर्जाचे आकडे लहान असतात आणि हप्ता फेडायला पुढे भरपूर वर्षं असतात. हे काम शिकायला याहून स्वस्त वय नाही.

मदत मात्र जरूर करा, आणि ती यादीपासून सुरू करा. एका कागदावर प्रत्येक देण्यासमोर सहा गोष्टी लिहायला लावा: कोणाचं देणं, आज किती बाकी, वार्षिक व्याजदर, किमान हप्ता, भरायची तारीख, आणि त्यावर आणखी कोणाची सही आहे. कार्ड आणि शिक्षणकर्ज सगळ्यांना आठवतं. विसरलं जातं ते चार हप्त्यांत पैसे घेणाऱ्या ॲपचं देणं, फोनच्या हँडसेटचे उरलेले हप्ते, रूममेटकडून घेतलेली उसनवारी आणि भाडेकरारावरची सही. चौघांनी मिळून घर भाड्याने घेतलं असेल, तर बहुतेक करारांत प्रत्येक जण पूर्ण भाड्याला जबाबदार असतो. एक जण सोडून गेला तर त्याचा वाटा बाकी तिघांच्या डोक्यावर येतो. अमेरिकेत कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही ब्युरोंचे क्रेडिट रिपोर्ट ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉम वर फुकट मिळतात. ते काढून यादीशी ताडून पाहा.

या पहिल्या बैठकीत "एवढे पैसे उडवलेस कशावर?" हे विचारू नका. तो प्रश्न आला की यादी अर्धीच बाहेर येते, आणि लपवलेलं देणं नेमकं सर्वांत महाग व्याजाचं निघतं. खर्चाची चर्चा पुढच्या आठवड्यात करता येईल.

किमान हप्त्याचं गणित

कार्डाच्या बिलावर किमान रक्कम छापलेली असते आणि ती भरली की मुलांना वाटतं आपण नियमित आहोत. हे गणित मुलांकडूनच करून घ्या. बाकी ३,००० डॉलर, व्याज वर्षाला २४ टक्के, म्हणजे महिन्याला २ टक्के. किमान हप्ता म्हणजे मुद्दलाचा १ टक्का अधिक त्या महिन्याचं व्याज, ही अमेरिकन कार्डांवरची नेहमीची पद्धत. पहिल्या महिन्यात भरायचे ९० डॉलर, त्यांतले ६० व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ३० ने उतरतं. पुढच्या महिन्यात बाकी थोडी कमी, म्हणून किमान हप्ताही थोडा कमी. खरी गोम इथेच आहे. हप्ता आपोआप लहान होत जातो आणि फेड लांबत जाते. याच चालीने, नवी खरेदी एका डॉलरचीही न करता, बाकी १,५०० वर यायला ६९ महिने लागतात. तोवर सुमारे ४,५०० डॉलर भरून झालेले असतात आणि १,५०० अजून शिल्लकच.

आता हप्ता कमी होऊ न देता दर महिन्याला ९० डॉलरच भरत राहिलं, तर ५६ महिन्यांत सगळं फिटतं आणि व्याज जवळपास २,००० जातं. १५० भरले तर २६ महिन्यांत फिटतं, व्याज सुमारे ८७०. म्हणून पहिला नियम साधा आहे: हप्ता स्वतः ठरवायचा आणि बिलावरची किमान रक्कम कमी झाली तरी आपला हप्ता खाली आणायचा नाही. ऑटोपे किमान रकमेवर लावून ठेवावं, म्हणजे तारीख चुकणार नाही. ठरवलेल्या हप्त्यातली उरलेली रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळी भरावी. व्याज रोजच्या शिल्लकेवर चढत असल्याने महिनाअखेरीची वाट पाहण्यापेक्षा लवकर भरलेलं केव्हाही बरं.

आणखी दोन गोष्टी मुलांना कोणी सांगत नाही. बिल पूर्ण भरणाऱ्याला खरेदीवर व्याजमुक्त दिवस मिळतात. बाकी पुढे ओढली की ही सवलत जाते, आणि आज घेतलेल्या बसपासवरही आजपासूनच व्याज लागतं. म्हणून फेड चालू असलेलं कार्ड रोजच्या खर्चाला वापरूच नये. त्या काळात खर्च डेबिट कार्डाने करावा. दुसरं म्हणजे, बिलातली पूर्ण रक्कम भरल्यावरही पुढच्या महिन्यात थोडं व्याज लागलेलं दिसतं. बिल निघाल्यापासून पैसे पोचेपर्यंतच्या दिवसांचं ते व्याज असतं. "सगळं फिटलं" म्हणून कोणी पुढचं बिल उघडत नाही, आणि बारा डॉलरसाठी उशिराचा दंड लागतो. तीसहून जास्त दिवस उशीर झाला की तो क्रेडिट रिपोर्टवर चढू शकतो. अमेरिकेत असा शेरा सात वर्षं राहतो, ब्रिटनमध्ये सहा.

शून्य टक्क्याच्या दुसऱ्या कार्डावर बाकी हलवावी का? हलवावी, पण भागाकार करून. ३ टक्के शुल्क धरलं तर ३,००० चे ३,०९० होतात. मुदत १५ महिन्यांची असेल, तर दरमहा २०६ डॉलर भरणं जमणार आहे का ते आधी बघा. जमत नसेल, तर मुदत संपल्यावर उरलेल्या रकमेवर पुन्हा चढा दर लागतो. आणि जुनं कार्ड रिकामं झालं म्हणून ते पुन्हा भरू लागलं, तर एकाची दोन कर्जं होतात.

कोणतं आधी, कोणतं सावकाश

सगळ्या देण्यांवर किमान हप्ता भरायचा आणि हाती उरलेले पैसे सर्वांत जास्त व्याजदराच्या देण्यावर टाकायचे. व्याजाच्या हिशेबाने हाच क्रम योग्य. लहान रकमेचं देणं आधी संपवून हुरूप मिळवण्याची पद्धतही लोक सांगतात. दोन देण्यांच्या व्याजदरांत दोन-तीन टक्क्यांचाच फरक असेल तर तसं करायला हरकत नाही. पण २४ टक्क्यांचं कार्ड बाजूला ठेवून ६ टक्क्यांचं कर्ज संपवण्यात शहाणपण नाही. जादा पैसे टाकायला लागण्याआधी एका महिन्याचा किमान खर्च बचत खात्यात वेगळा असू द्या. तो नसला तर गाडीचा टायर फुटल्यावर पैसे कार्डावरूनच जातात आणि दोन महिन्यांची फेड वाया जाते.

काही कर्जं मात्र घाईने फेडायची नसतात, आणि आईवडील नेमकी तीच आधी फेडू पाहतात. इंग्लंडमधल्या सरकारी विद्यार्थी कर्जाची वसुली पगारातून होते. ठरावीक मर्यादेपुढच्या उत्पन्नाच्या ९ टक्के कापले जातात, पगार कमी असेल तर काहीच कापलं जात नाही, आणि ठरलेल्या वर्षांनी उरलेलं माफ होतं. ऑगस्ट २०२३ पासून सुरू झालेल्या अभ्यासक्रमांसाठी ही मुदत ४० वर्षांची आहे. हे कर्ज क्रेडिट रिपोर्टवर दिसतही नाही. ऑस्ट्रेलियातलं 'हेल्प' हे सरकारी विद्यार्थी कर्जही उत्पन्नानुसार करातून वळतं होतं. कॅनडाच्या संघीय विद्यार्थी कर्जावर १ एप्रिल २०२३ पासून व्याज लागत नाही. अशा कर्जासाठी साठवलेली पुंजी मोडू नका. आधी कार्ड संपवा. अमेरिकेत मात्र शिक्षण संपल्यावर बहुतेक सरकारी कर्जांना सहा महिन्यांची सवड मिळते आणि मग हप्ता सुरू होतो. पत्ता आणि ईमेल बदलल्याचं सर्व्हिसरला (सरकारसाठी हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीला) कळवलं नाही, तर पहिलं बिल येऊनही कळत नाही.

भारतातून कर्ज काढून आलेली मुलं

यांचं गणित वेगळं आहे, कारण सहकर्जदार म्हणून बाबांची सही असते आणि पुष्कळदा घरही तारण असतं. ४० लाखांचं कर्ज, दर १० टक्के. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज थांबत नाही. सगळी रक्कम सुरुवातीलाच उचलली असेल, तर वर्षाला ४ लाखांप्रमाणे तीन वर्षांत १२ लाख साचतात आणि मुद्दलात मिळवले जातात. (टप्प्याटप्प्याने उचललं तर कमी.) ४० लाखांचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५२,८६० रुपये असता, तो ५२ लाखांचा होऊन ६८,७२० च्या आसपास जातो. म्हणून शिकत असताना ऑन-कॅम्पस कामातून व्याजाचा काही भाग जरी भरता आला तरी भरावा. नोकरी लागल्यावर याच हप्त्यावर दरमहा १५,००० जादा भरले, तर १२० ऐवजी ८८ महिन्यांत कर्ज संपतं आणि सुमारे ९ लाख वाचतात. जादा रक्कम भरताना बँकेला लेखी कळवा, की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा. व्यक्तीने घेतलेल्या अशा कर्जाचा दर फ्लोटिंग, म्हणजे बदलता असेल, तर मुदतीआधी फेडल्याचा दंड रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार लावता येत नाही. दर फिक्स्ड असेल तर करार वाचा.

हप्ता चुकण्याचं कारण बहुधा पैसे नसणं हे नसतं, पैसे वेळेवर न पोचणं हे असतं. इथून पाठवलेली रक्कम मधल्या सुट्ट्यांत अडकते, तिकडे खात्यात शिल्लक नसल्याने हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि सिबिलवर, म्हणजे भारतातल्या क्रेडिट रिपोर्टवर, मुलाबरोबर बाबांचाही शेरा खराब होतो. उपाय असा: हप्ता जाणाऱ्या खात्यात दोन हप्त्यांएवढी रक्कम कायम ठेवावी आणि भरणा दर महिन्याला न करता तीन महिन्यांचा एकदम पाठवावा. त्यात पाठवण्याचं शुल्कही वाचतं. शुल्क शून्य दाखवणारी सेवा विनिमय दरात आपला वाटा काढते, म्हणून हजार डॉलरला खात्यात नेमके किती रुपये जमा होतात तेवढंच ताडून बघा. मुलगा अनिवासी झाला असेल तर त्याचं जुनं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयांतलं खातं) करून घ्यावं लागतं. तेव्हा हप्त्याचा आदेश नव्या खात्यावर चालू झाला की नाही हे बँकेला विचारून खात्री करा.

"बाबा भरतात, त्यांना करात सूट मिळते" असंही ऐकू येतं. शिक्षणकर्जासाठीची आयकर वजावट (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०ई) फक्त व्याजावर, आठ वर्षांपर्यंत आणि जुन्या करप्रणालीतच मिळते. त्यातून वाचणारा कर हा भरलेल्या व्याजाचा एक भाग असतो, पूर्ण व्याज नव्हे. निवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या वडिलांनी तेवढ्यासाठी हप्ता अंगावर घेऊ नये. घ्यायचाच असेल, तर मुलाने तेवढी रक्कम त्यांना दर महिन्याला ठरल्या तारखेला पाठवावी.

आईवडिलांचे पैसे येणार असतील तर ते कोणत्या नावाने येतात हे आधी ठरवा. देणगी असेल तर देणगी म्हणा आणि पुन्हा विषय काढू नका. उसने असतील तर रक्कम, दरमहा हप्ता आणि तारीख एका कागदावर लिहा, व्याज हवं तर शून्य ठेवा, आणि भावंडांनाही ते माहीत असू द्या. दहा वर्षांनी घराची वाटणी निघते तेव्हा हाच कागद भांडण टाळतो. आम्हाला सर्वांत पटणारी रीत अशी: मुलाने ठरलेल्या हप्त्यावर जादा १०० भरले, तर तुम्ही ५० भरा. आधी त्याची पावती, मग तुमचे पैसे.

सही करताना मात्र हात आखडा. अमेरिकेत २००९ च्या कायद्यानुसार २१ वर्षांखालच्या व्यक्तीला स्वतःचं पुरेसं उत्पन्न दाखवल्याशिवाय किंवा सहकर्जदाराशिवाय क्रेडिट कार्ड मिळत नाही. म्हणून मुलं आईकडे फॉर्म घेऊन येतात. सहकर्जदार म्हणजे नुसता साक्षीदार नव्हे. मुलाने नाही भरलं तर पूर्ण रक्कम तुमच्याकडून वसूल होते. त्यापेक्षा अनामत ठेवून मिळणारं सिक्युअर्ड कार्ड, ३००-५०० डॉलरच्या मर्यादेचं, सुरुवातीला पुरे.

हप्ता खरोखरच झेपेनासा झाला, तर तारीख चुकायच्या आधी कर्ज देणाऱ्याला फोन करायचा, आणि तो मुलानेच. तुम्ही शेजारी बसा. उत्पन्न किती, खर्च किती, दरमहा किती जमेल हे तीन आकडे समोर असू द्या. दर कमी करणं, काही महिने हप्ता लहान करणं अशा सवलती पुष्कळ बँकांकडे असतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. ब्रिटनमध्ये स्टेपचेंज, ऑस्ट्रेलियात नॅशनल डेट हेल्पलाइन इथे फुकट सल्ला मिळतो. अमेरिकेत एनएफसीसी या कर्जसल्ला संस्थांच्या महासंघाच्या सदस्य संस्था ना-नफा तत्त्वावर काम करतात. "हप्ते थांबवा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो" असं सांगणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहा. हप्ते थांबले की दंड आणि व्याज चढतच राहतं, रिपोर्ट बिघडतो, आणि कर्ज देणारा तडजोडीला बांधील नसतो. फोनवरून गिऱ्हाईक गाठणाऱ्या अशा कंपनीने काम होण्याआधीच फी मागितली, तर अमेरिकेत ते २०१० पासून बेकायदा आहे.

शेवटचा हप्ता गेल्यावर काम संपलं असं समजू नका. भारतातल्या बँकेकडून नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं) प्रमाणपत्र घ्या आणि हप्त्याचा आदेश रद्द करा. घर तारण असेल तर मूळ कागदपत्रं पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत परत करणं १ डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मागता येते. कागद हातात घेताना कर्ज काढताना मिळालेल्या यादीशी एकेक पान जुळवून मगच पोचपावतीवर सही करा. दोन महिन्यांनी सिबिल काढून मुलाच्या आणि बाबांच्या, दोघांच्याही नावापुढे ते खातं बंद दिसतं का ते पाहा. दिसत नसेल तर त्याच प्रमाणपत्राची प्रत जोडून तक्रार नोंदवा.